पाचपैकी तीन

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. शिबिरातल्या सरांनी सांगितलं की मोठे मॅनेजर रोज लिहितात. शिबिर दोन दिवसांचं होतं: लहान उद्योगांसाठी मनुष्यबळ व्यवस्थापन. सर्टिफिकेट मिळालं. लॅमिनेट करायला टाकलंय. काउंटरच्या मागे लावायचं, गिऱ्हाइकाच्या बरोबर डोळ्यांसमोर.

शिबिरात एक गोष्ट लख्ख कळली. ही लाँड्री बाबांनी काढली, त्यांच्यामागे मी चालवली, पण आम्ही दोघांनीही ती नुसती चालवली. मॅनेज कुणीच केली नाही. तरी इतकी वर्षं टिकली. याचा अर्थ मुळात माझ्यात ते उपजत असणार.

संकल्प: नोकर हा शब्द बंद, यापुढे टीम. ओरडणं बंद, यापुढे फीडबॅक. आणि रोज सकाळी सातला दुकानात स्वतः हजर. (सध्या शटर ही, म्हणजे माझी बायको, उघडते. मी दहापर्यंत पोचतो. पण पोचतो तेव्हा ताजातवाना असतो, आणि निर्णय ताज्या डोक्याने घ्यायचे असतात.)

एवढं लिहीपर्यंत साडेसात झाले. उद्यापासून सात.

५ फेब्रुवारी
ऑर्ग-चार्ट काढला. सर्वांत वर मी. खाली तीन चौकोन. पहिला मास्तर: इस्त्री. नाकावर माशी बसू देत नाहीत, पण बाहीची घडी अशी घालतात की गिऱ्हाईक शर्ट घालायला कचरतं. दुसरा मावशी: धुलाई आणि डाग. तिसरा स्कूटरवाला: घरपोच सेवा. त्याला आम्ही वादळ म्हणतो, कारण येणार येणार असं सगळे सांगतात आणि तो येत नाही.

मास्तर आणि मावशींमध्ये विस्तव जात नाही. फार जुनं भांडण आहे. कारण दोघांनाही आठवत नाही, राग तेवढा आठवतो. एकाच खोलीत चार हातांच्या अंतरावर उभे असतात, पण बोलणं सगळं हिच्यामार्फत. चार्टमध्ये त्यांच्यामध्ये तुटक रेघ दाखवली. छान दिसते.

ही चार्ट बघून म्हणाली, यात मी कुठे आहे. मी समजावलं की तू घरची, घरच्यांना चौकोन नसतो. ती म्हणाली, बरं. समंजस आहे, हे मानलं पाहिजे.

७ फेब्रुवारी
शिबिरात मिळालेल्या फाईलमध्ये लिहिलंय की टीमने वरिष्ठांना नावाने हाक मारावी, अंतर कमी होतं. आज जाहीर केलं. शेठ म्हणायचं नाही.

मास्तरांना जमेना. आता ते मला कशानेच हाक मारत नाहीत. लांबून खाकरतात. मावशी हिला सांगतात की त्यांना सांगा. वादळ मात्र पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारायला लागला, तेही अशा सुरात की मी त्याच्या आळीतला पोरगा आहे. त्याला फीडबॅक द्यायला हवा. सध्या तो सापडत नाही.

८ फेब्रुवारी
सकाळी सातला पोचलो नाही. गजर वाजला होता, तो माझ्याकडून बंद झाला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
अप्रेझल. आठवडाभर तयारी केली. मागच्या खोलीत, कपाट आणि वाफेचा नळ यांच्या मधल्या जागेत, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. प्रत्येकाला एकेकटं बोलावलं. शिबिरातल्या सरांचा नियम: पाचपैकी पाच कुणालाच द्यायचे नाहीत, माणूस जागच्या जागी थांबतो.

मास्तर: चार. ते म्हणाले, उरलेला एक कुठे गेला. मी म्हणालो, तो पुढच्या वर्षासाठी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मी असलो तर. भावनिक उत्तर. नोंद केली.

मावशी: साडेतीन. त्यांनी विचारलं, मास्तरांना किती. मी म्हणालो, ते गोपनीय. त्या म्हणाल्या, मग त्यांच्यापेक्षा अर्धा जास्त द्या, बाकी माझं काही म्हणणं नाही.

वादळ: आला नाही. दोन.

मी स्वतः: पाच. सरांचा नियम कर्मचाऱ्यांसाठी आहे, मी कर्मचारी नाही.

१६ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. हिचं अप्रेझल राहिलं होतं. भेदभाव बरा नाही. बायको म्हणून सूट दिली तर टीम काय म्हणेल.

दुपारी तिला रीतसर त्या खुर्चीत बसवलं. ती हसत होती, मी हसलो नाही. आधी जमेच्या बाजू सांगितल्या: वेळेवर येते, गिऱ्हाइकांशी बरी बोलते. मग सुधारणेला वाव: वरिष्ठांशी बोलण्याची पद्धत, दिवसातून दोनदा तरी मावशींच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात जाणारा वेळ, आणि निरोप पोचवताना मूळ मजकुरात केलेले बदल. एकूण पाचपैकी तीन. तीन म्हणजे समाधानकारक, हेही स्पष्ट केलं.

तिने विचारलं की माझा चौकोनच नाही, तर मार्क कशावर दिले. प्रश्न चांगला आहे. पुढच्या तिमाहीत घेऊ असं सांगितलं.

ती दिवसभर मधूनच हसत होती. अप्रेझल खेळीमेळीत पार पडलं.

१८ फेब्रुवारी, सोमवार
हिने राजीनामा दिला.

कागदावर, तारखेसह, एका महिन्याच्या नोटिशीने. मी आधी गंमत समजलो. मग वाचलं, तर शुद्धलेखनाची एकही चूक नाही. कारणापुढे लिहिलंय: प्रगतीला वाव नाही. हे वाचून मला एकाच वेळी वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. बरं यासाठी की इतकी वर्षं या दुकानात लोक काम सोडायचे म्हणजे दुसऱ्या दिवशी यायचे नाहीत. आता राजीनामे येऊ लागले. पद्धत रुजतेय.

राजीनामा स्वीकारला. सही केली. रात्री जेवताना दोघांनीही विषय काढला नाही. घर वेगळं, ऑफिस वेगळं.

ती महिना संपायच्या आत मागे घेईल. मी तिला ओळखतो.

२१ फेब्रुवारी
मागे घेतला नाही. भरती करावी लागणार. चांगलंच आहे. कुणा एकावर अवलंबून राहू नये, असं फाईलमध्ये जाड अक्षरांत आहे.

भरतीच्या आधी जॉब डिस्क्रिप्शन लागतं. लिहायला बसलो. काउंटरवर बसणे. कपडे घेणे, देणे. पुढे सुचेना. हिला विचारलं की तू नक्की काय काय करतेस. ती म्हणाली, तुम्ही वरिष्ठ, तुम्हाला माहीत असेल. आणि भाजी निवडायला लागली.

२२ फेब्रुवारी
तिच्या नकळत दिवसभर निरीक्षण केलं. (सातला पोचलो नाही, पण साडेआठला पोचलो. हा उच्चांक.) वर्तमानपत्रात दोन भोकं पाडून बसलो होतो, मावशींनी विचारलं, डोळे आलेत का.

निरीक्षणातून भर: खिसे तपासणे. खिशातली चिठ्ठी नवऱ्याला द्यायची की बायकोला, हे ठरवणे. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणे. शांत गिऱ्हाइकाकडून थकबाकी वसूल करणे. वादळाला शोधणे. मास्तर गप्प असतील तर का ते ओळखणे. मावशी जास्त बोलत असतील तर का ते ओळखणे. मशीन कुरकुरलं तर कुठे थोपटायचं ते माहीत असणे. दुपारी मला जेवायला हाक मारणे. हे शेवटचं खोडलं. मग ठेवलं.

पान उलटावं लागलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार
मुलाखती. तेच दोन खुर्च्यांचं स्थळ. वाफेचा नळ गळत होता, त्यामुळे उमेदवार तणावाखाली कसे वागतात तेही बघता आलं.

पहिला तरुण. तुमचा दोष सांगा, असा प्रश्न टाकला. म्हणाला, सकाळी उठणं. मला तो आवडला होता, पण सातला कुणीतरी उघडायला हवं.

दुसरे निवृत्त गृहस्थ. त्यांनीच माझी मुलाखत घेतली. पंखा कुठे, बसायला काय, दुपारी आडवं व्हायची सोय आहे का. शेवटी म्हणाले, कळवतो.

तिसऱ्या बाई. अनुभवी, शांत. जॉब डिस्क्रिप्शन दोन्ही बाजूंनी वाचलं. विचारलं की ही एकच जागा आहे, की छापताना चार जागा एकत्र झाल्या. मी म्हणालो, एकच. मग विचारलं, सध्या हे कोण करतं. मी म्हणालो, माझी मिसेस. त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिला. मग पर्स उचलून गेल्या. निर्णयक्षमता कमी वाटली.

चौथा पसंत. सतत हसतमुख. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं विचारलं तर म्हणाला, तुमच्या खुर्चीत. अशी महत्त्वाकांक्षा पैदा करता येत नाही, ती हेरावी लागते. तिथल्या तिथे घेतला.

ही म्हणाली, मी एकदा त्याच्याशी बोलू का. मी म्हणालो, नोटीस पिरियडमधल्या माणसाने निवड प्रक्रियेत पडू नये.

२८ फेब्रुवारी
हसरा रुजू. पाच वर्षं कुठली, दुपारी तीनलाच तो माझ्या खुर्चीत होता. उठवलं. हसला.

२ मार्च, शनिवार
हसऱ्याचं गिऱ्हाइकांशी फार पटतं. कुणालाही नाही म्हणत नाही. प्रत्येकाला सांगतो, उद्या मिळेल. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. सर्टिफिकेटकडेही एकाने पाहिलं.

३ मार्च, रविवार. सकाळी ११
उद्या म्हणजे आज. सगळे आले. रांग फुटपाथवर गेली. हसरा आला नाही, फोनवर कळवलं की इथे त्याच्या गुणांना वाव नाही. प्रगतीला वाव नाही, गुणांना वाव नाही, हे सगळे कुठून शिकतात कळत नाही.

रांग हिने निभावली. कसं ते मी पाहिलं नाही, मी मागच्या खोलीत हसऱ्याची एक्झिट नोट लिहीत होतो.

५ मार्च, मंगळवार
हँडओव्हर. हिने आजपासून मास्तर-मावशींचे निरोप माझ्याकडे सोपवले. हे तर मला हवंच होतं. शिबिरात संवादावर एक अख्खी दुपार होती. निरोप जसाच्या तसा, गाळणी न लावता पोचला पाहिजे. ट्रान्सपरन्सी.

हिची पद्धत मी बघितली आहे. मास्तर म्हणतात, त्यांना सांगा, कॉलर धुतली की नुसती पाण्याला दाखवून आणली. ही मावशींकडे जाऊन म्हणते, मावशी, कॉलर जरा परत बघता का, मास्तर म्हणाले तुमच्या हाताशिवाय ती निघायची नाही. हा सरळसरळ माहितीचा विपर्यास आहे.

उद्यापासून अस्सल मजकूर.

६ मार्च. दुपारी १
मास्तर म्हणाले, त्यांना सांगा, बाही ओली आहे, पिळायची माणसं घरी गेलीत का. सांगितलं, शब्दशः. मावशी म्हणाल्या, त्यांना सांगा, इस्त्री करतात की कपड्यांवर पडून झोपा काढतात. तेही सांगितलं. सुरासकट सांगितलं, कारण सूर हा संवादाचा मोठा भाग असतो.

मास्तर म्हणाले ते इथे लिहीत नाही. मावशींना मात्र सांगितलं.

६ मार्च. दुपारी १.२०
मावशी ॲप्रन काढून गेल्या. मास्तर इस्त्री ठेवून गेले. ठेवून म्हणजे एका कोटावर ठेवून. मी संवादाचा आढावा लिहीत होतो, त्यामुळे वास उशिरा आला. कोट राखाडी होता. आता मधोमध नाही.

७ मार्च
दोघेही आले नाहीत. मी स्वतः इस्त्रीला उभा राहिलो. उशीचे अभ्रे जमले. म्हणजे चार बाजू असतात एवढं कळत होतं.

संध्याकाळी ही बाहेर गेली. आधी मावशींकडे, मग मास्तरांकडे. कोटवाल्यांकडेही जाऊन आली. काय बोलली विचारलं तर म्हणाली, बसले त्यांच्याजवळ.

८ मार्च, शुक्रवार
टीम परत. दोघेही मला बघून आपापल्या भिंतीकडे वळले, पण आले. फाईलमधलं रिटेन्शनचं, म्हणजे माणसं टिकवण्याचं, प्रकरण कामाला आलं. माणसांना थोडा अवकाश द्यावा लागतो.

दुपारी मास्तर खाकरले. मी जवळ गेलो. म्हणाले, चौकातल्या लाँड्रीवाल्याने मागे दोनदा बोलावलं होतं, दोन्ही वेळा वहिनींनी थांबवलं, आता वहिनीच चालल्या. मी म्हणालो, काळजी करू नका, सिस्टीम आहे. ते म्हणाले, ती कधी येते सकाळी.

मला वाटायचं मास्तर माझ्यामुळे टिकलेत. मी त्यांना दर वर्षी तसं म्हणायचो, आणि ते नाहीही म्हणायचे नाहीत.

९ मार्च
ही कुठे अर्ज करतेय ते कळलं. ज्या हॉटेलच्या चादरी आपल्याकडे येतात, तिथे हाउसकीपिंगची प्रमुख. मुलाखत देऊनही आली. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही ऑर्ग-चार्ट रंगवत होतात.

काळजीचं कारण नाही. तिला कागदावर अनुभव शून्य. घरचा धंदा हा अनुभवात धरत नाहीत. शिवाय मागच्या वरिष्ठांचा रेफरन्स लागतो, आणि वरिष्ठ मी आहे.

१० मार्च, रविवार
रेफरन्ससाठी उद्या फोन येईल. ठरवलंय: संतुलित बोलायचं. वाईट काहीच नाही, पण हात राखून. ठीक आहे, समाधानकारक आहे, घरी लक्ष द्यावं लागतं. एवढं पुरे. ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील, ही राहील, सगळं सुरळीत. तिच्याच भल्याचं आहे, हॉटेलात उभं राहावं लागतं.

खरं म्हणजे मला ती जायला नको आहे. हे इथेच लिहितोय, बाहेर बोलायचं नाही.

११ मार्च, सोमवार. सायंकाळी ५
फोन आला. हॉटेलच्या मॅनेजर बाई. आवाज नेमका. मी संतुलित सुरुवात केली. म्हणालो, समाधानकारक आहे. त्या म्हणाल्या, एखादं उदाहरण द्याल का.

शिबिरात सर हेच सांगायचे. नुसती विशेषणं नकोत, उदाहरण द्या. म्हटलं, यांना दाखवू या, रेफरन्स म्हणजे काय असतो.

मी रविवारच्या रांगेचं सांगितलं. मास्तरांना दोनदा थांबवल्याचं सांगितलं. दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तरी एकाच शर्टवर काम करतात, ते कसं, ते सांगितलं. मी कावीळ होऊन महिनाभर पडलो होतो, तेव्हा मला वाटत होतं की दुकान बंद आहे, बरा होऊन गेलो तर एकही गिऱ्हाईक तुटलेलं नव्हतं, तेही सांगितलं. मग एक गृहस्थ आठवले. बायको गेल्यावर तिचा स्वेटर धुवायला घेऊन आले होते. हिने तो हातात घेतला आणि विचारलं, नक्की धुवायचा का, वास जाईल. ते स्वेटर घेऊन घरी गेले. एक गिऱ्हाईक गेलं म्हणून मी तेव्हा हिच्यावर चिडलो होतो. ते गृहस्थ अजून आमच्याकडेच येतात.

हे सांगता सांगता मी वाफेचा नळ दोनदा घट्ट केला. गळत होता.

शेवटी त्यांनी विचारलं की संधी मिळाली तर यांना पुन्हा कामावर घ्याल का. हा ठरावीक प्रश्न असतो. मी म्हणालो, घेईन. मग म्हणालो, त्या येतील की नाही ते माहीत नाही.

बाई म्हणाल्या, इतका चांगला रेफरन्स मी कुणाकडून ऐकला नाही. कौतुक माझंच होतं. मी जितकं बोलायचं ठरवलं होतं त्यापेक्षा थोडं जास्त झालं असेल, पण दर्जा राखला.

१३ मार्च
तिला घेतलं, सोमवारपासून.

मॅनेजर बाईंनी तिला सांगितलं म्हणे, कागदावर दुसरे दोघे वरचढ होते, पण तुमच्या आधीच्या साहेबांचं ऐकल्यावर आम्ही बाकीच्यांना फोनच केला नाही.

हे सांगताना ही चादरींच्या घड्या घालत होती. मग थांबली. विचारलं, स्वेटरचं तुम्ही खरंच बोललात का. मी म्हणालो, उदाहरण मागितलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला लक्षात होतं तर. मी म्हणालो, होतं. ती म्हणाली, मग मला का नाही कधी सांगितलंत. मी फाईल आठवून बघितली. त्यात याचं उत्तर नव्हतं.

म्हटलं, सोमवारी जाऊ नकोस. पहिल्यांदाच सरळ बोललो. ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, अहो, आता मी हो म्हणून बसले, आणि मला जायचंय. राग नाही तुमच्यावर. मग चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघांनी मिळून उरलेल्या घातल्या. माझ्या बाजूची घडी तिरकी येत होती. ती पुन्हा उलगडून द्यायची.

१८ मार्च, सोमवार
सातला शटर मी उघडलं.

दिवस कसा गेला ते लिहीत नाही.

संध्याकाळी ही आली. चप्पल काढताना मी विचारलं, कसं होतं. म्हणाली, पाय दुखतात, पण बरं होतं. मॅनेजर बाई तीनदा थँक्यू म्हणाल्या. मी विचारलं, कशाबद्दल. ती म्हणाली, कामाबद्दल, दुसरं कशाबद्दल. आणि आत पाणी प्यायला गेली.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. ती परत आली की मीही एकदा थँक्यू म्हणायचं, असं ठरवलं. ती आली तेव्हा म्हणालो, जेवायला काय आहे.